परत न आलेला विद्यार्थी आणि बंद झालेली फाइल

सावेडीसारख्या उपनगराचे जीवन मुलांच्या जाण्यावर आणि परत येण्यावर चालते. नगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्याच्या अंगाने वाढत गेलेल्या या वस्तीत शिक्षक, प्राध्यापक, बँकांतील व सरकारी कचेऱ्यांतील कर्मचारी आणि सेवानिवृत्त यांची घरे मोठ्या संख्येने आहेत. येथील एका चौकाला तर प्रोफेसर कॉलनीचेच नाव आहे. या घरांतील मुले-मुली बारावीनंतर किंवा पदवीनंतर पुण्याची, नाशिकची, मुंबईची गाडी धरतात. वसतिगृहाची खोली, खानावळीचा डबा, अभ्यासिकेतील जागा असा त्यांचा संसार तिकडे सुरू होतो, आणि सणावाराला धुण्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन ती घरी येतात. आईबापांनी त्यांना पाठविलेले असते ते परत येण्याच्या हिशेबाने. हा हिशेब इतका गृहीत धरलेला असतो की तो कधी कोणी बोलून दाखवीत नाही.

हा हिशेब एखाद्या घरापुरता मोडला तर काय होते, याचा विचार समाजाने फारसा केलेला नाही. मृत्यूसाठी समाजाजवळ विधी आहेत, सुतक आहे, दहावे-तेरावे आहे, भेटायला येणाऱ्यांनी काय बोलावे याचे संकेत आहेत. बेपत्ता होण्यासाठी यांपैकी काहीच नाही. ज्या घरातील विद्यार्थी दिसेनासा झाला, त्या घराला शोकही करता येत नाही आणि आशाही उघडपणे बाळगता येत नाही. शेजारी प्रथम चौकशी करतात, मग तर्क करतात आणि अखेरीस विषय टाळू लागतात. ही सामाजिक कुचंबणा दुःखद आहेच. परंतु तिच्या मुळाशी शासनव्यवस्थेतील एक मोठी उणीव आहे, आणि तिचाच विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे. सज्ञान विद्यार्थ्याचे नाहीसे होणे ही आपल्या व्यवस्थेत पहिल्या दिवशी कोणाचीच जबाबदारी नसते. आणि पहिल्या दिवशी जे लिहिले जात नाही, ते पुढे दहा वर्षे शोधूनही सापडत नाही.

नोंद आणि गुन्हा

मुलगा किंवा मुलगी घरी आली नाही, फोन लागत नाही, मैत्रिणींना वा मित्रांना ठाऊक नाही, म्हणून आईवडील पोलीस ठाण्यात जातात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा ‘मिसिंग’ या नावाच्या नोंदीत जाते. वय, उंची, वर्ण, अंगावरील कपडे, घर सोडल्याची वेळ आणि एक छायाचित्र एवढा तिचा मजकूर असतो. ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा दाखल झाला की तपास अधिकारी नेमावा लागतो, जबाब घ्यावे लागतात, न्यायालयास उत्तर द्यावे लागते. नोंदीचे तसे नसते. ती ठाण्याच्या सोयीने पुढे सरकते किंवा जागीच राहते. तक्रार घेण्यापूर्वी चोवीस तास थांबले पाहिजे, अशी एक समजूतही लोकांत पक्की रुजलेली आहे. वस्तुतः असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. तरीही ‘मित्राकडे गेला असेल, येईल उद्या,’ या दिलाशावर पहिली रात्र जाते, आणि शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तीच असते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी निकाल देऊन हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळविले गेले आहे असे प्रथमदर्शनी मानून गुन्हा नोंदवावा, असे त्या निकालाने ठरले. परंतु अठराव्या वाढदिवशी हे संरक्षण संपते. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा अकरावी-बारावीचा विद्यार्थी दिसेनासा झाला तर राज्ययंत्रणेने धावले पाहिजे, आणि महिनाभराने तोच विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात गेला की त्याचे नाहीसे होणे हा त्याच्या कुटुंबाचा खासगी प्रश्न ठरतो, हा न्याय विचित्र आहे. घरापासून दूर, अनोळखी शहरात, वसतिगृहात राहण्याचे वय तर नेमके अठरानंतरचे असते.

हा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईतील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिनी परीक्षेसाठी म्हणून घरून निघाली आणि परीक्षेला पोहोचलीच नाही. तिचा अखेरचा माग वांद्र्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत लागला. प्रथम ती बेपत्ता व्यक्तीची नोंद होती. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, पोलिसांनी दोघांना अटक करून खुनाचा आरोप ठेवला. मृतदेह मात्र मिळाला नाही. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु मधल्या तेरा महिन्यांत त्या घराने काय सोसले असेल, याची कल्पना केलेली बरी. जून २०२३ मध्ये नगर जिल्ह्यातीलच एक तरुणी, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत नुकतेच यश मिळविलेली, पुण्यातून दिसेनाशी झाली, आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह राजगडाच्या पायथ्याशी सापडला. तेव्हा जिल्ह्यातील घराघरांत मुलींना फोन गेले असतील. पण फोन करण्यापलीकडे पालकांच्या हाती काय आहे, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

एका प्राध्यापकाचा शोध

भारताच्या न्यायालयीन इतिहासात बेपत्ता विद्यार्थ्याचे दोन शोध विशेष नोंदले गेले आहेत. एक आणीबाणीतील केरळचा, दुसरा चाळीस वर्षांनंतरचा दिल्लीचा. पहिल्यात सत्य बाहेर आले, दुसऱ्यात आले नाही. असे का झाले, हे पाहण्यासाठी दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पी. राजन हा कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा अखेरच्या वर्षाचा विद्यार्थी होता. २८ फेब्रुवारी १९७६ रोजी कायण्णा येथील पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला आणि त्याच्या तपासात पोलिसांनी १ मार्च रोजी सकाळी राजनला महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या आवारातून उचलले. गाणारा, नाटकात रमणारा हा मुलगा विद्यापीठाच्या कला-स्पर्धांहून नुकताच परतलेला होता. त्याला कक्कयम येथील पोलीस छावणीत नेण्यात आले. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही.

त्याचे वडील टी. व्ही. ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. सावेडीच्या कोणत्याही गल्लीत शोभला असता असा हा मध्यमवर्गीय अध्यापक वर्षभर कचेऱ्यांची दारे झिजवीत राहिला. मंत्र्यांना भेटला, अर्ज लिहिले, छावण्या व तुरुंग शोधले. सर्वत्र उत्तर एकच होते, अशा नावाचा माणूस आमच्या ताब्यात नाही. न्यायालयाचे दारही त्या काळी बंद होते. माणसाला प्रत्यक्ष हजर करा, असे शासनास बजावणारा ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज हा नागरिकाचा अखेरचा आधार, पण आणीबाणीत तो मागताच येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी बहुमताने सांगून टाकले होते. त्या पीठात एकट्या न्यायमूर्ती हं. रा. खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. बहुमतात महाराष्ट्राचे न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. हा निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते २०१७ साली, आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. चूक दुरुस्त व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि त्याच आठवड्यात वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला. शासनाने शपथेवर सांगितले की राजनला अटक झालीच नव्हती. येथे प्रकरण संपू शकले असते. एका बापाचा शब्द एका सरकारच्या शपथपत्रापुढे कितीसा टिकणार? तो टिकला, कारण कागद होता. महाविद्यालयाचे प्राचार्य बहाउद्दीन यांनी राजनला पोलिसांनी नेल्याचे त्याच दिवशी पत्राने वडिलांना कळविले होते, आणि न्यायालयापुढे ते आपल्या सांगण्यावरून ढळले नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी साक्षी दिल्या. न्यायमूर्ती सुब्रमण्यन पोट्टी आणि न्यायमूर्ती खालिद यांच्या खंडपीठाने १३ एप्रिल १९७७ रोजी निर्णय दिला की राजन पोलिसांच्या ताब्यात होता, सबब त्याला हजर करावे. आणीबाणीत गृहमंत्री असलेले के. करुणाकरन नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. त्या महिन्याअखेरीपूर्वीच त्यांना पद सोडावे लागले. पुढे शासनाला कबूल करावे लागले की राजन छावणीतील छळाने २ मार्च १९७६ रोजीच, म्हणजे अटकेच्या दुसऱ्या दिवशी, मरण पावला होता.

हा विजय पूर्ण नव्हता. राजनचा देह कधीच मिळाला नाही. पोलीस अधिकाऱ्यांना झालेल्या शिक्षा अपिलात टिकल्या नाहीत. आईला बराच काळ सत्य सांगण्याचे धैर्य घरात कोणाला झाले नाही. वारियर यांनी आपल्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या, आणि २००६ साली ते निवर्तले. शाजी करुण यांचा ‘पिरवी’ हा १९८८ चा मल्याळी चित्रपट अशाच एका वृद्ध पित्याच्या वाट पाहण्यावर आहे. तरीही वारियर यांना एक उत्तर मिळाले होते. मुलगा कोठे गेला, कोणी नेला, कधी मेला, हे त्यांना ठाऊक झाले. ज्यांना तेवढेही मिळत नाही, त्यांच्या तुलनेत ते थोडे नव्हे.

दिल्लीतील प्रश्न

नजीब अहमद हा उत्तर प्रदेशातील बदायूँचा सत्तावीस वर्षांचा तरुण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाच्या एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षात होता. १४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री माही-मांडवी वसतिगृहात त्याची काही विद्यार्थ्यांशी झटापट झाली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, तो वसतिगृहातून नाहीसा झाला. त्याचा फोन खोलीतच होता. आई फातिमा नफीस दिल्लीत पोहोचल्या तेव्हा मुलगा तेथे नव्हता.

या प्रकरणात शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला, विशेष तपास पथक नेमले गेले, माहिती देणाऱ्यास जाहीर केलेले बक्षीस पन्नास हजारांपासून वाढवीत दहा लाखांपर्यंत नेण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये शेकडो पोलिसांनी श्वानपथकांसह विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर पालथा घातला. आईच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने १६ मे २०१७ रोजी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे, सोपविला. पण परिसराची झडती झाली ती दोन महिन्यांनी आणि सीबीआय आली ती सात महिन्यांनी, हेही तितकेच खरे आहे. नजीबला आपण रिक्षातून जामिया मिल्लिया विद्यापीठापर्यंत सोडले, असे सांगणारा रिक्षाचालक आरंभी पुढे आला होता. सीबीआयच्या चौकशीत त्या जबाबाचा आधारही सुटला. मध्यंतरी, मार्च २०१७ मध्ये, नजीबने इंटरनेटवर एका दहशतवादी संघटनेविषयी शोध घेतल्याची बातमी पसरली आणि दिल्ली पोलिसांना तिचे खंडन करावे लागले. बेपत्ता माणूस स्वतःच्या बचावासाठी बोलू शकत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी काहीही बोलणे सोपे असते, हे या बातमीने दाखवून दिले.

उच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१८ रोजी सीबीआयला प्रकरण बंद करण्याचा अहवाल दाखल करण्याची मुभा दिली. आईने त्या अहवालास हरकत घेतली. जवळपास सात वर्षांनी, ३० जून २०२५ रोजी, दिल्लीच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाने तो अहवाल स्वीकारला. विश्वासार्ह माहिती मिळाल्यास तपास पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी ठेवली. नजीबचे काय झाले, हे या सर्व कागदांत कोठेही नाही. त्यात अपराध कोणाचा, याविषयी न्यायालयापुढे सिद्ध न झालेले आरोप येथे करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. देशाच्या राजधानीत, एका नामांकित केंद्रीय विद्यापीठाच्या वसतिगृहातून, दिवसाढवळ्या एक विद्यार्थी नाहीसा होतो आणि देशातील सर्वोच्च तपास यंत्रणा तो कोठे गेला ते सांगू शकत नाही.

दोन प्रकरणांतील भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. राजनच्या प्रकरणात शासन प्रतिकूल होते, न्यायालयाचे दार वर्षभर बंद होते, बाप एकटा होता. तरी सत्य हाती लागले, कारण पहिल्या दिवशी एका जबाबदार माणसाने एक गोष्ट लिहून ठेवली. नजीबच्या प्रकरणात न्यायालय उघडे होते, यंत्रणा मोठी होती, लोकमत जागे होते, बक्षीस दहा लाखांचे होते. तरी हाती काही लागले नाही, कारण १५ ऑक्टोबरच्या त्या काही तासांचा भक्कम पुरावा उरलेला नव्हता. नंतरचा प्रचंड खटाटोप पहिल्या दिवसाची भरपाई करू शकत नाही. गुन्हेगारीच्या तपासात हे तत्त्व जुनेच आहे. बेपत्ता विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते अजून लागू केले गेलेले नाही, एवढेच.

सात वर्षांचा नियम

कायदा या अनिश्चिततेकडे एका निराळ्याच बाजूने पाहतो. एखाद्या माणसाविषयी, ज्यांना एरव्ही त्याची खबर मिळाली असती अशा लोकांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. इंग्रजी अमदानीत, १८७२ साली झालेल्या पुरावा कायद्याचे हे कलम १०८ आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १११ म्हणून कायम आहे. वारसा, विमा, निवृत्तिवेतन, मालमत्ता यांचे व्यवहार अडून राहू नयेत म्हणून असा नियम हवाच. परंतु तो मिळकतीसाठी आहे, मुलासाठी नाही. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या नावावर मिळकत ती काय असणार? नजीबच्या बाबतीत ही सात वर्षे ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरी झाली. आईची मागणी वारसा प्रमाणपत्राची नव्हतीच. तिचा प्रश्न मुलगा कोठे आहे एवढाच होता. त्या प्रश्नाला सात वर्षांची मुदत लागू होत नाही.

जगात इतरत्रही आईबापांनी हीच मुदत नाकारली आहे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने नाहीसे केलेल्या तरुणांच्या आया ३० एप्रिल १९७७ रोजी राजधानीतील मे चौकात प्रथम जमल्या आणि पुढे दर गुरुवारी जमत राहिल्या. मेक्सिकोत २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री अयोत्सिनापा येथील ग्रामीण अध्यापक विद्यालयाचे त्रेचाळीस विद्यार्थी, म्हणजे उद्याचे शाळामास्तर, इग्वाला शहरात पोलिसांनी अडविल्यानंतर नाहीसे झाले. त्यांपैकी केवळ तिघांच्या अवशेषांची ओळख पटू शकली आहे. तिघांची का होईना, ती पटली ती डीएनए तपासणीमुळे. अर्जेंटिनाने तर त्यासाठी १९८७ सालीच कायद्याने आनुवंशिक माहितीची राष्ट्रीय पेढी उभी केली.

भारतात याच उपायाची गोष्ट अर्धवट राहिली आहे. ठिकठिकाणी बेवारस मृतदेह सापडतात, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, काही दिवस वाट पाहून अंत्यसंस्कार उरकले जातात. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात त्याच माणसाचे आईबाप ‘मिसिंग’ची नोंद करून बसलेले असू शकतात. या दोन नोंदींची गाठ घालून देण्यासाठी बेपत्ता व्यक्तींचे नातेवाईक आणि अनोळखी मृतदेह यांच्या डीएनए माहितीचे स्वतंत्र संच ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. खासगीपणाच्या आणि दुरुपयोगाच्या शंका त्यावर घेतल्या गेल्या, आणि त्या अनाठायी नव्हत्या. परंतु शंका दूर करून विधेयक सुधारण्याऐवजी जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. माणसाला बळाने नाहीसे करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने फेब्रुवारी २००७ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे कोणाच्या निवडणुकीचे विषय होत नाहीत.

एक रास्त आक्षेप

सज्ञान व्यक्तीच्या प्रत्येक अनुपस्थितीची पोलिसांनी चौकशी करावी काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. अठरा वर्षांपुढील तरुणाला घर सोडण्याचा, शिक्षण सोडण्याचा, आपल्या पसंतीने विवाह करण्याचा अधिकार आहे. अनेक मुली घरच्या जाचातून सुटण्यासाठीच निघून जातात; ‘हरवली’ अशी तक्रार करून पोलिसांकरवी त्यांना ओढून आणण्याचे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. सज्ञान स्त्रीच्या निवडीत आईबापांना किंवा न्यायालयाला ढवळाढवळ करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हादियाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा शोध म्हणजे परत आणणे असा अर्थ घेतला तर तो शोध अन्यायाचे साधन होईल.

परंतु शोधाचा हेतू निराळा ठेवता येतो. ही व्यक्ती जिवंत आहे काय, सुरक्षित आहे काय आणि जेथे आहे तेथे स्वेच्छेने आहे काय, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पोलिसांचे काम संपावे. तिला भेटून तिचा जबाब घ्यावा, आणि तिची इच्छा नसेल तर ठिकाणाही घरच्यांना सांगू नये. फक्त ती सुखरूप आहे एवढे कळवावे. बहुतेक प्रकरणे अशी लवकर मिटतील. जी मिटणार नाहीत ती कोणती, हे मग पहिल्याच आठवड्यात कळेल, आणि यंत्रणेची शक्ती त्यांच्यावर लावता येईल. आज होते ते याच्या उलट. सर्वच नोंदी सारख्याच दुर्लक्षित राहतात, आणि ज्या एका नोंदीमागे खरोखर घात असतो तीही त्या ढिगाऱ्यात दबून जाते.

शिक्षणसंस्थांचे कर्तव्य

पोलिसांच्या आधी जबाबदारी येते ती महाविद्यालयाची आणि वसतिगृहाची. विद्यार्थी गैरहजर आहे, रात्री खोलीवर आलेला नाही, ही गोष्ट आईवडिलांच्या आधी त्यांनाच कळते, किंवा कळली पाहिजे. रॅगिंगच्या बाबतीत हे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख हा त्या गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जाईल, अशी तरतूद त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी संस्थाप्रमुखावर चोवीस तासांत पोलिसांत फिर्याद देण्याचे बंधन घातले. वसतिगृहातून विद्यार्थी नाहीसा होणे ही रॅगिंगहून कमी गंभीर बाब नाही. मग तेच बंधन येथे का नसावे?

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी ठरावीक वेळेनंतर न कळविता अनुपस्थित असेल, तर अधीक्षकाने त्याच रात्री पालकांना फोन करावा. दुसऱ्या सकाळपर्यंत पत्ता न लागल्यास प्राचार्यांनी स्वतःच्या सहीने पोलिसांना लेखी कळवावे, आणि त्याची पोच पालकांना द्यावी. आदल्या दिवसांत त्या विद्यार्थ्याचे भांडण, धमकी, अपयश, आजार यांपैकी काही घडले असेल तर ते त्या पत्रात नमूद असावे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून वगळलेले नसावे. आवारातील कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते; ते तत्काळ वेगळे काढून ठेवावे. खोलीस कुलूप लावून तेथील वस्तूंना कोणी हात लावू नये. यांपैकी कशालाही नवा निधी लागत नाही, नवे खाते लागत नाही. लागते ती आपल्या सहीची जबाबदारी घेण्याची तयारी.

पोलिसांसाठीही शासनाने एक परिपत्रक काढले तरी बरेच होईल. घरापासून दूर शिकणारा विद्यार्थी बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की हद्दीचा वाद न घालता ती लिहून घ्यावी. संशयास जागा दिसताच शून्य क्रमांकाने का होईना, गुन्हा नोंदवावा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितले आहे. सावेडीच्या पालकाला मुलगा पुण्यात हरवला म्हणून पुण्याच्या ठाण्यात जा, आणि पुण्यात गेल्यावर राहत्या घरच्या ठाण्यात जा, असे हेलपाटे घालावे लागू नयेत.

शिक्षकवर्गाचा यात विशेष संबंध आहे. वर्गात हजेरी घेताना एका क्रमांकावर उत्तर आले नाही, तर ‘गैरहजर’ अशी खूण करून पुढचा क्रमांक पुकारला जातो. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस ती खूण पडत राहते आणि सत्राच्या अखेरीस तिची टक्केवारी निघते. कालिकतच्या त्या प्राचार्यांनी १ मार्च १९७६ रोजी अशी केवळ खूण केली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. काळ आणीबाणीचा होता, गप्प राहणे सुरक्षित होते. त्यांनी एक पत्र लिहिले, आणि त्या पत्रामुळे एका बापाला वर्षभरानंतर सत्य मागता आले. शासनाने नियम केले नाहीत तरी आज कोणत्याही महाविद्यालयात, कोणत्याही वसतिगृहात हे पत्र लिहिता येते. त्यासाठी विद्यार्थी सापडत नाही हे कळल्यावर आठवडाभर थांबून चालणार नाही. ते त्याच दिवशी लिहिले पाहिजे.